व्यसनमुक्ती समुपदेशनाची पदवी खान्देशातच शिकवावी : विद्यापरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, सर्व अधिष्ठाता आणि विद्यापरिषदेचे सदस्य,
कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव.

विषय : व्यसनमुक्ती समुपदेशनाचा बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम सुरू करण्याबाबत.

महोदय,

याच विद्यापीठातून मी मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. झाले आणि गेली अकरा वर्षे धुळे जिल्ह्यातील एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम करीत आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना बारावीनंतर प्रवेश घेता येईल असा व्यसनमुक्ती समुपदेशनाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आपण सुरू करावा, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती दोन ओळींच्या अर्जातही करता आली असती. पण अभ्यासक्रमात काय असावे हे ठरवताना, ज्यांनी हे काम न शिकता केले त्यांचे अनुभव आपल्यासमोर असावेत असे मला वाटते, आणि त्यांतला पहिला अनुभव माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पांझराकाठच्या एका गावातून एक बाई केंद्रात आल्या. नवरा पंधरा वर्षांपासून पीत होता आणि अलीकडे सकाळी तोंड धुण्याआधी त्याला घोट लागत होता; तो पोटात गेल्याशिवाय हातांची थरथर थांबत नाही, हेही त्यांनी मला सांगितले होते. मी त्यांना धीर दिला आणि ठामपणे सांगितले की आजपासून घरात थेंबही येऊ देऊ नका, त्यांना बाहेर सोडू नका, दोन-चार दिवस त्रास होईल, मग सुटेल. त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. पहिल्या रात्री नवऱ्याला दरदरून घाम सुटला, दुसऱ्या दिवशी फिट आली आणि तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून मुंग्या उतरत असल्याचे सांगत अंगावरचे कपडे झटकू लागला, बायकोलाही ओळखेना. गावातल्या जीपमधून त्याला सरकारी रुग्णालयात नेले आणि तो वाचला. दारू अशी एकदम थांबवायला कोणी सांगितले, असे तिथल्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा त्या बाईंनी माझे नाव घेतले नाही, आम्हीच ठरवले असे त्या म्हणाल्या. पुढे कित्येक महिने मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईशी बोलताना त्यांचा चेहरा आठवून बोलत असे.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूच्या गुंगीशी जुळवून घेण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवलेली असते. दारू अचानक काढून घेतली की ती वाढलेली उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या 6 ते 24 तासांत कंप, घाम आणि बेचैनी सुरू होते, फिट साधारणपणे पहिल्या दोन दिवसांत येतात आणि 48 ते 96 तासांच्या दरम्यान भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात न थांबणे ही धोक्याची खूण आहे आणि अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवायची असते. पदवीच्या तीन वर्षांत मला फ्रॉइडचे मनोविकासाचे टप्पे शिकवले गेले, बुद्ध्यांकाचे सूत्र शिकवले गेले आणि त्यांत मला चांगले गुणही मिळाले. वर लिहिलेल्या पाच-सहा ओळी मात्र कोणत्याही पेपरात नव्हत्या. माझ्या शिक्षकांवर माझा राग नाही. त्यांनी आखून दिलेला अभ्यासक्रम मनापासून शिकवला. तो अभ्यासक्रम या कामासाठी आखलेलाच नव्हता.

केंद्रात माझी नेमणूक पंधरा मिनिटांच्या मुलाखतीवर झाली आणि पुढे पाच दिवसांचे एक प्रशिक्षण मिळाले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मद्य व अमली पदार्थांच्या समुपदेशकाचा परवाना हवा असेल तर पदवी लागते, त्या पदवीत या विषयाचे किमान 18 सत्र-क्रेडिट लागतात आणि 880 तासांचे प्रत्यक्ष काम अनुभवी समुपदेशकाच्या हाताखाली करावे लागते. तिथली रचना जशीच्या तशी इथे आणावी असे माझे म्हणणे नाही. पण ज्या कामासाठी तिथे 880 तास हाताखाली बसवतात, त्याच कामाला आपल्याकडे बावीस वर्षांच्या मुलीला पाच दिवसांत उभे करतात, तेव्हा त्याची किंमत पांझराकाठच्या घरांना मोजावी लागते.

आपल्याकडे कायद्याची वाटही आता मोकळी झाली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, म्हणजे व्यसनी माणूस हा कायद्याच्या दृष्टीने हक्क असलेला रुग्ण आहे. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने वर्तनविषयक आरोग्याच्या गटात समुपदेशकांना स्थान दिले आहे आणि सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण सांगितले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशी रचना आपल्या विद्यापीठाला परिचयाची झाली आहे. आंतरविद्याशाखीय अभ्यास विद्याशाखेत हा विषय सहज बसेल, कारण त्यात वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य आणि कायदा यांपैकी एकालाही वगळून चालत नाही.

गरज किती आहे हे सांगण्यासाठी मी एकाच सर्वेक्षणाचे आकडे पुढे ठेवते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले सुमारे 5.7 कोटी लोक देशात आहेत आणि दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या तरी प्रकारची मदत मिळाली आहे. केंद्रात माझ्यासमोर बसतो तो हा एकटा. उरलेले 37 जण ओट्यावर, बांधावर, जिनिंगच्या आवारात, एस.टी. स्टँडच्या मागे आहेत आणि त्यांच्यापर्यंत जाणारा माणूस आपल्या तालुक्यांत नेमलेलाच नाही. ही पोकळी रिकामी राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. पेशंटला न सांगता दारू सोडवा, अशा जाहिराती भिंती-भिंतींवर दिसतात आणि दर महिन्याला कोणीतरी आई किंवा बायको पदराच्या गाठीत बांधलेली पुडी मला दाखवते. त्या पुडीत काय आहे हे तिला माहीत नसते. ते डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि नवऱ्याच्या भाजीत कालवल्यावर तो बाहेर जाऊन प्यायला, तर चेहरा लाल होऊन, उलट्या होऊन, रक्तदाब घसरून त्याच्या जिवावर बेतू शकते. हेच औषध रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तर कित्येकांना आधार देते. असाच प्रकार सलाईनचा. खूप वर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि ते न देता आधी नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला कायमची इजा होण्याची भीती असते. समुपदेशक औषध देणार नाही. परंतु कोणाला ताबडतोब रुग्णालयात पाठवायचे आणि तिथे कोणती माहिती आधी द्यायची, हे त्याला ठाऊक असायला हवे.

आता मी या कामाच्या गाभ्याकडे येते, आणि तो म्हणजे बोलणे. समुपदेशन म्हणजे समजावून सांगणे, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. मलाही तीच होती. यकृत खराब होते, पोरे उघड्यावर पडतात, हे सगळे मी अगदी कळकळीने सांगत असे आणि समोरचा मान डोलावून निघून जात असे. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह वाढवलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळली. पिणारा माणूस एकाच वेळी दोन्हीकडे ओढला जात असतो. आपण सोडण्याच्या बाजूने जोर लावला की तो न सोडण्याची बाजू घेऊन भांडतो, आणि स्वतःच्या तोंडून जे बोलतो त्यावरच त्याचा विश्वास अधिक बसतो. म्हणून त्याच्या मनातले सोडण्याचे कारण त्याच्याच तोंडून बाहेर यावे, असे प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचे. हे एका परिच्छेदात लिहिता आले तरी करायला वर्षे लागतात. त्यासाठी कोणीतरी आपले बोलणे ऐकून, इथे तुम्ही घाई केली, इथे त्याचे वाक्य तुम्ही तोडले, असे दाखवून द्यावे लागते. अशी दुरुस्ती माझ्या कामाची गेल्या अकरा वर्षांत क्वचितच झाली. पुस्तकाच्या पेपरापेक्षा अशा दुरुस्तीच्या तासांना अभ्यासक्रमात अधिक गुण ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

आणि हे बोलणे कोणत्या भाषेत व्हायचे? जागतिक आरोग्य संघटनेची दारूविषयक दहा प्रश्नांची चाचणी आम्ही मराठी भाषांतरातून वापरतो. मद्यसेवनामुळे आपल्याला अपराधी वाटले आहे का, असे मी साक्री तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला विचारले तेव्हा तो गोंधळून म्हणाला की पोलिसांत माझे नाव कधी गेलेले नाही. अपराध हा शब्द त्याच्यासाठी चौकीतला होता. मग मी अहिराणीत विचारले, ‘घरमा कटकट व्हस का?’ आणि तो पाऊण तास बोलला. ‘मी पेस, पन मना कंट्रोलमा शे’ (मी पितो, पण माझ्या ताब्यात आहे) या त्याच्या एका वाक्यात कबुली, बचाव आणि भीती असे तिन्ही होते. रावेर-यावलकडे हाच माणूस लेवा गणबोलीत बोलेल, अक्राणीत पावरीत आणि अक्कलकुव्यात भिलोरीत. पुण्या-मुंबईत शिकून आलेला समुपदेशक कितीही हुशार असला तरी हे संभाषण त्याला इथे येऊन पुन्हा शिकावे लागेल. आपल्या विद्यापीठाने हा अभ्यासक्रम घ्यावा असे मी म्हणते, त्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. ज्या मुलामुलींच्या घरात या बोली बोलल्या जातात तीच आपल्या महाविद्यालयांत शिकत आहेत, आणि ज्या बोलीची त्यांना आजवर लाज वाटायला लावली गेली तीच या कामात त्यांचे सर्वांत कसदार साधन ठरेल. प्रश्नावल्या या बोलींत उतरवणे, त्या तपासून पाहणे, हे पदवीच्या तिसऱ्या वर्षाचे प्रकल्पकार्य व्हावे.

भाषेइतकेच इथले दिनमानही शिकावे लागते. सोडलेली दारू पुन्हा कधी सुरू होते हे माझ्या वह्या चाळल्या तर ठरावीक दिवसांभोवती दिसते : पोळा, कापूस विकून हातात पैसा आल्यावरची दिवाळी, होळी, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला पत्त्यांचे डाव बसतात ते दिवस आणि त्याच सुमारास येणारी लग्नसराई. या दिवसांच्या आठवडाभर आधी घरी जाऊन भेटले तर पुष्कळ जण तरतात. नंदुरबारमधून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी आहे. उचल घेऊन माणूस एकदा गाडीत बसला की पुढचे काही महिने त्याची भेट होत नाही आणि दर पंधरवड्याला केंद्रात या, असे सांगणारी आमची पद्धत त्याच्यासाठी निरर्थक ठरते. फोनवर पाठपुरावा कसा करावा, मुकादमाला विश्वासात घ्यावे की नाही, बायकोला काय सांगून पाठवावे, यांची तयार उत्तरे माझ्यापाशी नाहीत. ती शोधण्यासाठीच विद्यापीठ लागते.

सातपुड्यातल्या मोहाच्या दारूविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. तिथे मोहाचे फूल हे खाण्याचे, विकण्याचे आणि देवाला अर्पण करण्याचे आहे. पूर्वजांना आणि देवांना मोहाची धार सोडल्याशिवाय सण पुरा होत नाही. या कामात नव्याने आलेला एक सहकारी एका पाड्यावर जाऊन तुमची ही रूढीच घातक आहे, असे बोलून आला आणि पुढची दोन वर्षे त्या पाड्यावरून आमच्याकडे एकही माणूस आला नाही. त्याच पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना, सणाला सगळ्यांबरोबर बसून घेतलेला मोह आणि बाजारच्या दिवशी दुकानातून एकट्याने प्यायलेली बाटली यांतला फरक आमच्यापेक्षा अधिक स्पष्ट कळत होता. त्यांना आधी ऐकले असते तर पाड्याचा नियम पाड्यानेच केला असता. मैदानी भागातल्या वारकरी घरांत माळ घालून दारू सोडलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणे मला मान्य नाही. माळ घातल्यावर माणसाला संध्याकाळी हरिपाठाला जागा मिळते, विचारपूस करणारी मंडळी मिळतात आणि नाही म्हणायला सर्वांना पटणारे कारण मिळते. स्वमदत गटांच्या सभांत जे घडते ते याहून फार वेगळे नाही. काहींची माळ तुटते आणि ते शरमेने दुप्पट पिऊ लागतात, त्यांना परत कसे आणावे हेही शिकण्यासारखे आहे. दारू सोडताना किंवा पुन्हा धरताना माणूस कुठे उभा असतो, हे समजणाऱ्याला या दोन्ही गोष्टी अभ्यासाच्याच वाटतील.

प्रवेशाबाबत एक विनंती आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या लोकांना या अभ्यासक्रमात जागा राखून ठेवाव्यात आणि वयाची किंवा शिक्षणात पडलेल्या खंडाची अट त्यांच्यासाठी नसावी. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने महाराष्ट्राला दाखवून दिले की बरा झालेला रुग्णमित्र दुसऱ्याला जो भरवसा देतो तो आमच्यासारख्यांना देता येत नाही. माझ्या सोबत काम करणारे असे एक दादा नव्या रुग्णाशेजारी नुसते जाऊन बसतात आणि तो रडायला लागतो. तरीही, मी ज्या मार्गाने सुटलो त्याच मार्गाने तूही सुटशील, हा त्यांचा आग्रह काही वेळा रुग्णाला जाचक होतो, आणि नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला सगळ्यांसमोर खडसावल्यावर तो रात्रीतून निघून गेल्याचे मी पाहिले आहे. अनुभव दार उघडतो, परंतु आत गेल्यावर काय करायचे हे शिकूनच येते. त्यांच्या अनुभवाला पूर्वज्ञान म्हणून क्रेडिट द्यावेत आणि उरलेले त्यांना आमच्याबरोबर शिकवावे.

हक्कांचा विषय एका पेपरापुरता तरी सक्तीचा असावा. नातेवाइकांनी पैसे भरले की गाडी पाठवून माणसाला झोपेतून उचलून आणणे, कोंडून ठेवणे, घरच्यांना महिनाभर भेटू न देणे, असे प्रकार करणाऱ्या ठिकाणांहून आलेले रुग्ण माझ्याकडे आले आहेत. एकाच्या घोट्यावर साखळीचा व्रण होता. 2017 च्या कायद्याने साखळीने बांधण्यास कोणत्याही स्वरूपात मनाई केली आहे. अमली पदार्थविरोधी 1985 च्या कायद्याच्या कलम 64-अ नुसार, अल्प प्रमाणातील गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, हे त्याच्या आईवडिलांना माहीत नसते आणि आमच्यातल्या बहुतेकांनाही नसते.

तंबाखूला दुय्यम समजू नये, एवढेही नमूद करते. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले आणि आपल्याकडे मिसरी लावणाऱ्या बायकांना ते व्यसन आहे, असे कोणी सांगितलेलेच नसते.

पदवीधरांना नोकरी कुठे मिळेल, हा प्रश्न आपल्या बैठकीत निघेल. एचआयव्ही चाचणी केंद्रांसाठी समुपदेशकाचे पद शासनाने निर्माण केले आणि ते ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचले, हा दाखला आपल्यासमोर आहे. व्यसनासाठी तसे पद मागायचे तर आधी त्या पदाला लायक माणसे आणि मान्य पदवी दाखवावी लागेल. दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत थांबल्या आहेत, आणि पहिले पाऊल विद्यापीठाला उचलता येण्यासारखे आहे.

माझी मागणी नेमकी अशी आहे. येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी विद्यापरिषदेने एक अभ्याससमिती नेमावी. तीत तिन्ही जिल्ह्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील मनोविकारतज्ज्ञ, आपल्या मानसशास्त्र व समाजकार्याच्या शिक्षकांबरोबर किमान दोन काम करणारे समुपदेशक, एक व्यसनमुक्त झालेली व्यक्ती आणि व्यसनी माणसाच्या घरातली एक स्त्री असावी. सुरुवातीला तीस विद्यार्थ्यांची एकच तुकडी घ्यावी, पण प्रत्यक्ष कामाचे तास 2000 पैकी निम्म्याहून कमी नसावेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे काम पाहणारा अनुभवी मार्गदर्शक नेमल्याशिवाय त्याला रुग्णासमोर बसवू नये.

समितीला उपयोग होणार असेल तर अकरा वर्षांच्या माझ्या नोंदवह्या, त्यांतली नावे आणि गावे झाकून, मी आणून देईन. पांझराकाठच्या त्या बाईंशी मी बोलले आहे. त्यांचा नवरा नऊ वर्षांपासून प्यायलेला नाही. समितीने बोलावले तर जळगावला यायची त्यांची तयारी आहे. फक्त कापसाच्या वेचणीचे दिवस सोडून बोलवावे, असे त्यांनी मला कळवायला सांगितले आहे.

आपली विश्वासू,
धुळे जिल्ह्यातील एक व्यसनमुक्ती समुपदेशक